गुरुवारचा काळा पाव

रविवार, ५ जानेवारी

इरा म्हणते, "आजोबा, डायरी म्हणजे स्वतःलाच लिहिलेलं पत्र." मला पत्रांची सवय आहे, डायरीची नाही. आणि पत्र म्हटलं की आधी सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तेव्हा विचारून टाकतो.

विद्युलता, तुझी तब्येत कशी आहे? (समोरच झोपली आहे. डेंगी जाऊन महिना झाला तरी अंगात काही भरत नाही. वजन एक्केचाळीस. तोंड कडू कडू म्हणून दिवसभर लवंग चघळते.) चिरंजीव सिद्धार्थ, नाशिकला तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी रोज घेतोस, की सूनबाईने हातात ठेवली तरच? इरा, बाळ, त्या कॉम्प्युटरपुढे बसून तुझी मान कशी आहे? खालच्या मजल्यावरचे बालाजीराव, मोतीबिंदूचा डोळा काय म्हणतो? आणि वहीबाई, आपण कशा आहात? पाठीचा कणा अजून करकरीत दिसतो. माझा गुडघा बरा आहे. साखर मी तपासतच नाही, म्हणजे तीही बरीच असणार.

आता मजकूर. मी दिनानाथ, वय चौऱ्याहत्तर. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं हाताने शिकलो. कऱ्हाडहून चेन्नईजवळच्या तांबरमच्या रेल्वे कारशेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून आलो आणि इलेक्ट्रिकल फिटर होऊन बाहेर पडलो. तमिळ भाषा दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो. ही वही इराने दिली, कारण मी हल्ली फार गप्प असतो असं तिच्या आजीने तिला सांगितलं. मी गप्प नाही. बोलायला काही घडत नाही, एवढंच.

पण तेरवा घडलं. इरा गुरुवारी तिच्या आयटीतलं काम इथूनच करायला आली, ती येताना एक काळा पाव घेऊन आली. स्टेशनच्या पूर्वेला जे मोठं सुपरमार्केट आहे, त्यांच्या आत बेकरी आहे म्हणे आणि दर गुरुवारी हा खास पाव भाजतात. विटेसारखा जड, रंगाने गुळाच्या काकवीसारखा. राय नावाच्या धान्याचा. मी तुकडा तोंडात टाकला. ओल्या गोणपाटाची चव. पण विद्युलता उठून बसली, हुंगलं आणि म्हणाली, "अहो, यात शहाजिरं आहे!"

महिन्याभरात तिला पहिल्यांदा कशाचा तरी वास आला होता. दीड काप खाल्ला तिने. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

आमच्या लहानपणी घरात पाव आला की समजायचं, कोणीतरी तापाने पडलं आहे. इथेही तसंच. दवाखान्यात कोणाला भेटायला जायचं तर हातात पावाचा पुडा. तेव्हा आजाऱ्याला पाव आवडावा हे रीतीला धरूनच आहे. फक्त तो आज संपला.

मंगळवार, ७ जानेवारी

पुन्हा काही खात नाही. भाताची मूद तशीच. "मला तोच पाव हवा," म्हणाली.

"इरा आणेल की."

"इरा रविवारी येते. पाव गुरुवारी निघतो आणि दुपारपर्यंत संपतो."

"मग बालाजीरावांना सांगू."

"त्यांना एका डोळ्याने जिना दिसत नाही. राहू द्या हो. मी राहीन उपाशी." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

अडचण अशी की मी जूनपासून सोसायटीच्या फाटकाबाहेर गेलेलो नाही. जूनमध्ये स्टेशनच्या पुलावर माझा पाय घसरला आणि मी सात पायऱ्या बसल्याबसल्या उतरलो. तेव्हापासून भीती वगैरे काही नाही. फक्त आधी ऊन होतं. मग पाऊस होता. मग फाटकापाशी एक पिवळं कुत्रं बसायला लागलं.

गुरुवार, ९ जानेवारी

गेलो! पुलाच्या वाटेने नाही, रिक्षाने, भुयारी रस्त्याने वळसा घालून. पिवळ्या कुत्र्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

सुपरमार्केटात शिरलो तर गारठा असा की कानटोपी हवी होती. बेकरी अगदी आतल्या कोपऱ्यात, काचेच्या मागे. काउंटरवर सेल्वी नावाची बाई, डोक्याला जाळीची टोपी, चाळिशीच्या आतबाहेरची. तिने पाव काढून विचारलं, "ताता, स्लाइस पण्णणुमा?" आजोबा, काप करून देऊ का? मला वाटलं त्याचे वेगळे पैसे पडतील. ऐटीत म्हणालो, "वेण्डाम." नको.

घरी आल्यावर कळलं नको म्हणणं म्हणजे काय. सुरी आत जाईना. विळीवर धरला तर विळी हलली, पाव नाही. शेवटी माझी हत्यारांची पेटी काढली. लोखंड कापायच्या हॅकसॉला नवं पातं लावलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि पाव टेबलाच्या कडेला धरून कापला. बारा काप, एकसारखे. विद्युलता दारात उभी राहून बघत होती. तोंडावर पदर होता. मला वाटतं भुसा नाकात जात असावा.

शनिवार, ११ जानेवारी

पावाने गुण दाखवायला सुरुवात केली आहे. रोज चार वाजता, मी दुपारचा डोळा लावतो तेव्हा, ती दोन काप खाते. माझ्यादेखत खात नाही. म्हणते, कोणी बघत बसलं की घास उतरत नाही. मी उठतो तेव्हा दोन काप कमी झालेले असतात. मनाला फार बरं वाटतं.

आज थालीपीठ केलं होतं तिने. इतक्या दिवसांनी ओट्याशी उभी राहिली! थोडं आंबूस, खमंग, दाताखाली काहीतरी येणारं. तीन खाल्ली. तिला म्हटलं, आजारातून उठल्यावर तुझ्या हाताला नवी चव आली. ती म्हणाली, "भाजणी जरा काळपट भाजली गेली."

लोणच्याची बरणी मात्र अर्धी झाली आहे. मी तर दोन फोडींच्या वर घेत नाही. दह्याचं भांडंही सकाळी भरलेलं, संध्याकाळी रिकामं. मांजराचा बंदोबस्त करायला हवा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत आणि पोंगल एकाच दिवशी. आमच्या मजल्यावर तिळगूळ, खाली बालाजीरावांकडे गोड पोंगल. बालाजीराव मूळचे तंजावरचे मराठी. त्यांच्या घराण्याला इथे येऊन दोन-तीनशे वर्षं झाली. त्यांची मराठी ऐकली की आपण बखर वाचतो आहोत असं वाटतं, मधेच तमिळ येतं इतकंच.

"दिनानाथराव, तुम्ही बाहेर गेलां होतां म्हणे?" त्यांनी विचारलं. "मज आधी खरेंच वाटलें नाही, पा!"

"विद्युलतेच्या पावासाठी जावं लागलं."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि विद्युलतेकडे बघून हसले. डोळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं हसणं जरा तिरकं झालं आहे.

या वहीला लवंगेचा वास येतो. दुकानदाराने मसाल्याच्या शेजारी ठेवली असणार.

गुरुवार, १६ जानेवारी

आज काणुम पोंगल. या दिवशी अख्खं चेन्नई नातेवाईक घेऊन समुद्राकडे सुटतं. फाटकाबाहेर अर्धा तास उभा राहिलो. एक रिक्षा थांबेल तर शपथ. सगळ्या इथल्या कोवलमच्या किनाऱ्याकडे, आत आठ-आठ माणसं आणि उसांच्या मोळ्या. सुपरमार्केट मात्र उघडं असतं, सेल्वीने सांगितलं होतं. पाव दहाला निघतो. साडेनऊ झालेले.

वर खिडकीत पाहिलं. विद्युलता उभी होती. हात बघा कसे झालेत तिचे, बांगड्या कोपरापर्यंत जातात. म्हटलं, आठवडाभर ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. आणि चालायला लागलो.

सुपरमार्केटात पोचलो, सेल्वीला तिळगूळ दिला, तिने मशीनवर पाव कापून दिला. बारा सेकंदांत! मला त्या मशीनचा पट्टा जरा सैल वाटला, तसं सांगितलंही. पिशवी घेऊन निघालो. सेल्वी म्हणाली, "पात्तु पोंगा ताता." सांभाळून जा. घरी आलो, चपला काढल्या, तेव्हा लक्षात आलं की मी पूल ओलांडला. दोनदा. जाताना आणि येताना.

विद्युलतेला सांगितलं. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मी विचारलं काय धुतेस, तर म्हणाली, काही नाही.

फक्त इथे लिहून ठेवतो, कोणाला सांगायचं नाही: उतरताना तिसऱ्या पायरीवर चप्पल सटकली. कठडा धरला म्हणून वाचलो. तळ पार गुळगुळीत झाले आहेत. पण नव्या चपलांचं नाव काढलं की ती काळजी करेल आणि जाऊच देणार नाही. मग पावाचं काय?

रविवार, १९ जानेवारी

योगायोग म्हणजे किती! इरा आज माझ्यासाठी रबरी तळाच्या चपला घेऊन आली. अगदी मापाच्या. म्हणे सेल लागला होता. मी विचारलं, माझं माप कसं कळलं? तर आजी आणि नात एकदम बोलल्या आणि दोघींनी वेगवेगळं उत्तर दिलं.

गुरुवार, २३ जानेवारी

आज एक वाईट बातमी.

सेल्वीने पाव कापता कापता सांगितलं, "ताता, पुढच्या महिन्यापासून हा पाव बंद." का? तर विकला जात नाही. दर गुरुवारी सहा भाजतात. एक मी नेतो, एक कोणी परदेशी बाई नेते, एखादा असाच जातो आणि उरलेले संध्याकाळी टाकून द्यावे लागतात. दुपारपर्यंत संपतो असं विद्युलतेला कोणी सांगितलं कोण जाणे.

मी व्यवस्थापकाला भेटलो. तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, अदबीने बोलला. "सर, हे वरून ठरतं. तीस तारखेला महिन्याचा शेवटचा गुरुवार आहे. त्या दिवशी दहा विकले गेले तर मी वर लिहू शकेन."

"दहा भाजा," मी म्हटलं. "माझा शब्द."

शब्द देऊन बसलो आणि मग पायऱ्या उतरताना घाम फुटला. घरी आल्यावर विद्युलतेला सांगितलं नाही. तिने विचारलं, "चेहरा का असा?" म्हटलं, ऊन. बाहेर ढग होते.

ती दोन किलोंनी तरी भरली असेल. गालाला रंग आहे. आता पाव बंद झाला तर? परत ते भिंतीकडे तोंड नको. मला नाही बघवत. डेंगीत अकरा दिवस तिच्या उशाशी बसून होतो आणि मला खिचडीसुद्धा धड करता आली नाही. एवढी एक गोष्ट जमली आहे मला, पाव आणायची.

आज सहज साबुदाण्याचे वडे खावेसे वाटतात. तेल चालत नाही म्हणून बोललो नाही.

शनिवार, २५ जानेवारी

दुपारी साबुदाण्याचे वडे! आप्पेपात्रात केलेले, थेंबभर तेलात. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात बाई माणसाच्या मनातलं ओळखायला लागते ती अशी.

ती खाली गेली तेवढ्यात मी मराठी मंडळाची यादी काढून फोनला बसलो. पहिला फोन चिटणीस रत्नप्रभाबाईंना. टपाल खात्यातून निवृत्त, आवाज अजून खिडकीपलीकडून येतो.

"रत्नप्रभाबाई, एक विनंती. येत्या गुरुवारी पूर्वेच्या सुपरमार्केटातून एक काळा पाव घ्याल का?"

"पाव? कोणाला काय झालंय?"

"तसं कोणाला काही नाही."

"मग पाव कशाला?"

आता काय सांगायचं! विद्युलतेचं नाव घेतलं तर या लगेच तिला फोन करणार. म्हणून म्हटलं, "माझ्यासाठी समजा."

तिकडे आवाज एकदम मऊ झाला. "जूनपासून मंडळात आला नाहीत, तेव्हाच मी म्हटलं होतं. विद्युलताबाईंना ठाऊक आहे का?"

"नाही. तिला कळता कामा नये."

"नाही हो, मी कशाला सांगू," त्या म्हणाल्या आणि नाक ओढलं. सर्दी झाली असावी.

मग वसंतरावांना केला, बँकवाले. मग नागोजींना, जे हवाई दलाच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. आणखी तिघांना. प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच, "कोण आजारी आहे?" लोकांना पाव म्हटलं की दुसरं सुचतच नाही. पण सगळे हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की मला आमच्या मंडळाचा अभिमान वाटला. वर्गणीला हीच माणसं तीन महिने लावतात.

मंगळवार, २८ जानेवारी

नागोजींनी फोन करून विचारलं, "दिनानाथराव, झोप लागते का?" म्हटलं, उत्तम. ते म्हणाले, "तुमची हिंमत मानली."

वसंतरावांनी विचारलं, "कागदपत्रं सगळी जागच्या जागी आहेत ना?" म्हटलं, पेन्शनचं पुस्तक कपाटात, बाकी सगळं ट्रंकेत. म्हणाले, "मग काळजी नाही." बँकेतला माणूस. निवृत्त झाला तरी सवय जात नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

काय दिवस गेला. सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला निघणार होतो. पण फोन थांबेना. एकामागून एक सहा. "कसं वाटतंय?" "पडून राहा." "धीर सोडू नका." मला वाटलं, पाव वाचवायच्या लढाईत माझा धीर टिकावा म्हणून विचारताहेत. सगळ्यांचे आभार मानता मानता साडेदहा वाजले. पूल ओलांडून धापा टाकत बेकरीशी पोचलो तर पत्र्याचा ट्रे रिकामा. कणसुद्धा नाही.

सेल्वी टाळ्या वाजवत बाहेर आली. "ताता! दहाच्या दहा गेले! दार उघडायच्या आधीपासून तुमची माणसं उभी होती. त्या तातांचा पाव द्या, म्हणत होती." मग जरा थांबून म्हणाली, "पण सगळ्यांचे चेहरे असे का होते? एक बाई तर रडत होती."

मी ऐकतच नव्हतो. दहाही गेले, शब्द राहिला, पाव वाचला. आणि माझ्या हातात पाव नाही! विद्युलतेच्या आठवड्याचं काय? व्यवस्थापक हसून हात मिळवत होता आणि मला रडू येत होतं.

रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. म्हटलं, "संपला गं." ती म्हणाली, "असू द्या हो, एक गुरुवार नाही तर नाही." वर वरणभात वाढून घेतला आणि चांगला पोटभर जेवली. माझं मन राखण्यासाठी माणूस किती सोसतं!

पाच वाजता बेल वाजली. मी बनियनवर होतो, तसाच दार उघडलं. दारात रत्नप्रभाबाई, वसंतराव, नागोजी आणि मागे आणखी सहाजण, त्यांत तिघे तर मी फोनही न केलेले, जिन्यापर्यंत. प्रत्येकाच्या हातात सुपरमार्केटची कागदी पिशवी.

"अहो, तुम्ही कशाला उठलात!" रत्नप्रभाबाई ओरडल्या आणि मला दंडाला धरून कॉटवर आडवं केलं. नागोजींनी पायाखाली उशी दिली. वसंतराव घड्याळ बघत माझी नाडी धरून बसले.

"पण मला झालंय काय?" मी विचारलं.

"तेच तर," वसंतराव हळूच म्हणाले. "तुम्हाला सांगितलेलं आहे की नाही, तेच आम्हाला कळत नव्हतं."

एकेकाने पुढे येऊन माझ्या उशाशी पाव ठेवला. नऊ पाव. दवाखान्यात ठेवतात तसे, हलक्या हाताने, आवाज न करता. हा पाव जड असल्याने आवाज झालाच. नवव्याला कॉट करकरली. एवढ्यात बालाजीराव भिंतीला धरून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "अय्यो, दिनानाथराव! सकाळी तर तुम्ही धांवत पूल चढतांना माझे नातवानें पाहिलें. इतक्यांत हे काय झालें?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून बसलो आणि सगळी हकीकत सांगितली. बेकरी, दहा पाव, माझा शब्द, विद्युलतेचं एक्केचाळीस किलो वजन. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला काहीच नाही? आणि मी दत्ताला नवस बोलून बसले!"

तेवढ्यात विद्युलता आतून आली. तिने कॉट बघितली, माझ्याभोवती रचलेले नऊ पाव बघितले, वसंतरावांच्या हातातलं माझं मनगट बघितलं. आणि हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग खाली बसून, मांडीवर थापा मारून. डेंगी झाल्यापासून ती हसली नव्हती. मी नवरा असून विसरलो होतो की ती हसली की तिला उचकी लागते.

मग सगळ्यांना चहा आणि थालीपीठ. नागोजी मेसमधले पट्टीचे स्वयंपाकी, त्यांनी चार खाल्ली आणि विचारलं, "वहिनी, भाजणीत काय घालता?"

"आहे एक वस्तू," विद्युलता म्हणाली. "गुरुवारी मिळते."

आमचा वाणी गुरुवारी नवी धान्यं आणतो, ते खरं आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो, तिच्या तपासणीला. तिने हट्टाने माझंही रक्त काढायला लावलं. तिचं वजन साडेत्रेचाळीस! माझी साखर, जी डिसेंबरात तिच्या आजारपणात घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी जबरदस्तीने तपासली तेव्हा दोनशे ऐंशी होती, ती एकशे सत्तर.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "काय खाता?"

"दहीभात, लोणचं," विद्युलता म्हणाली.

"नाही, काळा पाव," मी दुरुस्त केलं. "दिवसाला दोन काप."

"आणि तुम्ही काय खाता?"

"मी तो पाव तोंडात धरत नाही. थालीपीठं खातो."

डॉक्टरीणबाई आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. "जे चाललं आहे ते चालू द्या," म्हणाल्या. "चालणं सोडू नका." हे बहुतेक तिला उद्देशून.

घरी आल्यावर सेल्वीचा फोन. पाव चालू राहणार! आता दर गुरुवारी बारा भाजणार आणि एक माझ्या नावाने बाजूला काढून ठेवणार, कायमचा. मी विद्युलतेला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "कायमचा?" आणि खुर्चीवर बसली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज दुपारी मला झोप लागली नाही. पाण्यासाठी उठलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, विद्युलता खाली बालाजीरावांकडे गेली होती. ओट्यावर मिक्सरचं भांडं उघडं, आत काळा भुगा. बोटाने चाखला. ओलं गोणपाट. शेजारी भाजणीचा डबा, त्याच्याही तळाशी तोच काळा भुगा. दह्याचं भांडं रिकामं आणि त्यात एकच चमचा.

फिटरला एक सवय असते. दिवा लागला की तो दिव्याकडे बघत नाही, वायर धरून मागे मागे बटणापर्यंत जातो. मी टेबलाशी येऊन बसलो आणि ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. सोळा जानेवारीच्या पानावर, जिथे चप्पल सटकल्याचं लिहिलं आहे, तिथे शिवणीत एक लवंग अडकलेली सापडली. अर्धी चघळलेली.

तेव्हा आता वहीबाईंना रजा देतो आणि जिला पोचायचं तिलाच लिहितो.

सौ. विद्युलतेस,

तू हे वाचतेस. चपला सेलमधल्या नव्हत्या आणि वडेही तू मनातलं ओळखून केले नव्हतेस. रागावलो नाही. पण मला खरं सांग, तू तो पाव त्या पहिल्या गुरुवारनंतर एकदा तरी खाल्लास का? मी हॅकसॉने कापला तो? नऊ माणसं माझ्या उशाशी पाव ठेवून गेली, रत्नप्रभाबाई नवस बोलल्या, बेकरीने माझ्या नावाने कायमचा पाव लावला, आणि महिनाभर तो खातोय मी?

आणि मला एक काही केल्या कळत नाही. तुला दहीभातच हवा होता, तर दर आठवड्याला त्या पावासाठी हट्ट कशाला? भिंतीकडे तोंड कशाला फिरवायचीस? तुला काय मिळालं यातून? सारखा विचार करतो आहे, वायर कुठे जाते ते सापडत नाही.

तुझं उत्तर काहीही असो, मी उद्या जाणार आहे. पाव हवा असो नसो. सेल्वीच्या मशीनचा पट्टा मीच घट्ट करून देणार आहे, तसं ठरलं आहे. परत येताना स्टेशनवर वसंतराव भेटणार आहेत. पिवळं कुत्रं हल्ली पुलापर्यंत सोबत येतं.

तेव्हा खाली जागा सोडली आहे, तिथे लिही. पेन्सिल वहीच्या खोबणीत आहे. कोणता पाव आणू तेही कळव, तिकडे फळ्यावर लसणीचाही लिहिलेला असतो. सकाळी साडेनऊला निघेन, त्याआधी उत्तर हातात पडेल असं बघ. तू पलीकडच्याच खोलीत आहेस, टपालाला उशीर झाला हे कारण मी ऐकणार नाही.

तुझा,
दिनानाथ